हातमोज्यांची माया आणि हातांची मजुरी

पौष महिना लागला, की ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या रस्त्यांवर पाहुण्यांच्या मोटारी दिसू लागतात. काही नाशिक महामार्गाने आसनगाव ओलांडून खर्डी-कसाऱ्याच्या अंगाला वळतात. काही कल्याणहून मुरबाडमार्गे टोकावड्याकडे, माळशेजच्या पायथ्यापर्यंत जातात. मोटारींत गठ्ठे असतात. गठ्ठ्यांत हातांनी विणलेल्या शाली, कानटोप्या, मुलांचे स्वेटर आणि लोकरीचे हातमोजेही, अंगठा तेवढा वेगळा आणि चार बोटे एका पिशवीत, अशा घाटाचे. पाड्यावर पोचल्यावर मुलांना ओळीने बसविण्यात येते. या वस्तू विकत आणलेल्या नसून शहरातील भगिनींनी फुरसतीच्या वेळात स्वतःच्या हातांनी विणल्या आहेत, हे आवर्जून सांगितले जाते. छायाचित्रे निघतात. दिवेलागणीच्या आत मोटारी परत फिरतात.

त्या छायाचित्रांत कोण नाही, याचा विचार सहसा होत नाही. भाताची कापणी-झोडणी आटोपली, की या भागातील कातकरी कुटुंबे, आणि कित्येक ठाकूर कुटुंबेही, उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाळा तोंडावर आल्यावर परततात. थंडीचे जे आठ-दहा आठवडे असतात ते त्यांचे भट्टीवर, गवताच्या किंवा ताडपत्रीच्या खोपीत जातात. अंगावर काटा आणणाऱ्या पहाटेच्या वेळी चिखल मळण्याचे काम सुरू होते, आणि शेजारी पोते अंथरून मूल निजविलेले असते. म्हणजे थंडी ज्याला सर्वांत अधिक बाधते ते मूल पाड्यावरच्या ओळीत बहुधा नसतेच. शहरातील माया पत्ता चुकलेल्या टपालाप्रमाणे दर वर्षी येते, आणि खरा पत्ता विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. कारण तो पत्ता भट्टीमालकाच्या दारावरून जातो.

येथे एक खुलासा आधीच केलेला बरा. विणणाऱ्या स्त्रियांची टवाळी करणे म्हणजे पुरोगामीपणा नव्हे. मुलुंड, ठाणे, डोंबिवली येथील या स्त्रिया बहुधा निवृत्त शिक्षिका, कारकून, परिचारिका. कोणी आयुष्यभर घरच सांभाळलेल्या. दोन सुया, सुलट-उलट टाक्यांचा हिशेब, आणि चुकलेला एक टाका दिसला तर दहा ओळी उसवून पुन्हा विणण्याची चिकाटी, हे भांडवल साधे नाही. मध्यम आकाराची शाल सराईत हातालाही चाळीस-पन्नास तास घेते. आठ तासांचा दिवस धरला, तर एका शालीत पाच-सहा दिवसांची मजुरी गुंफलेली असते. हा हिशेब त्या स्त्रीने कधी मांडलेला नसतो. तिच्या घरच्यांनी तर नाहीच. रांधण्यात, उष्टी-खरकटी काढण्यात, आजारपणे उपसण्यात गेलेल्या तिच्या चाळीस वर्षांचाही हिशेब कोणी मांडलेला नाही. राबविल्या गेलेल्यांची यादी करावयाची झाली, तर तिचे नावही त्या यादीत येईल, फक्त बरेच वरच्या ओळीत.

तेव्हा भांडण तिच्या सुयांशी नाही. तिच्या श्रमांवर जो शब्द चिकटविला जातो त्याच्याशी आहे. तो शब्द ‘अमूल्य’. मराठी भाषेतला हा मोठा लबाड शब्द. ज्याची किंमत करता येणार नाही इतके थोर, असा त्याचा एक अर्थ. ज्याची किंमत कोणी करीतच नाही, असा दुसरा. पहिला अर्थ व्यासपीठावर चालतो, दुसरा स्वयंपाकघरात, शेतात आणि भट्टीवर. भेटवस्तू ‘अमूल्य’ ठरली, की ती विणणारीला मजुरी द्यावयास नको आणि ती घेणाऱ्याने मजुरीचा विषय काढावयास नको. एका शब्दात दोन्हीकडचे तोंड बंद होते.

वस्तुतः हातांनी केलेली भेट ही बरोबरीच्या माणसांमधली गोष्ट आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ साली भेटवस्तूंवर प्रबंध लिहिला. प्रत्येक भेट परतफेडीचे बंधन घालते, आणि ज्याला परतफेड करता येत नाही तो देणाऱ्याच्या खालच्या पायरीवर जातो, हे त्याने अनेक समाजांच्या चालीरीतींवरून दाखविले. शहापूर-मुरबाडच्या माणसांना हे समजण्यासाठी मोस वाचावा लागत नाही. आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या शेतावर अशी लावणीची सावड ज्यांनी केली आहे त्यांना घेण्या-देण्याचा तोल ठाऊक असतो. लेकीच्या बाळंतपणासाठी आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते. पार विरलेली लुगडी आत, त्यातल्या त्यात धड लुगडे वर, आणि कडेपासून मध्याकडे सरकत जाणाऱ्या धावदोऱ्याच्या ओळी. दुपारची कामे उरकून, डोळे साथ देतील तेवढा वेळ, असे ते काम कित्येक आठवडे चालते. ती गोधडीही हाताने केलेली भेटच असते. मात्र तिच्या प्रदानाचा समारंभ होत नाही, आणि ती ज्या बाळासाठी असते त्याला ओळीत बसावे लागत नाही.

म्हणून या भागात हातांचे कसब नाही आणि ते शहरातून आणावे लागते, हा समज निराधार आहे. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले ही सह्याद्रीच्या पावसाला उतरणारी वस्तू; ती याच हातांची. ऊब कोठे मिळते हेही येथील लोकांना माहीत आहे. मुरबाड तालुक्यात म्हसे येथे पौषी पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. ती बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध, पण तेथे घोंगड्याही विकायला येतात. कातकरी बाईच्या हाती रोख पैसा असेल तर ती घोंगडी हातात घेईल, विणीचा घट्टपणा पाहील, भाव पाडून मागेल, पटले नाही तर पुढच्या विक्रेत्याकडे जाईल. या घासाघिशीत तिची पसंती असते. गठ्ठ्यातून तिच्या हाती येणाऱ्या शालीत नेमकी तीच नसते. कोणता रंग, कोणते माप, मुळात शाल हवी की पातेले हवे, हे तिला विचारलेले नसते. हातमोज्यांची निवड तर कोणत्या हातांकडे पाहून झाली, हे कोडेच आहे. चिखलाचा गोळा साच्यात दाबणाऱ्या, हंडा काठाला धरून उचलणाऱ्या, कोयता चालविणाऱ्या हाताला चार बोटांची पिशवी घालून कोणतेच काम करता येत नाही. थंड देशातील चित्रे पाहून विणलेली ती वस्तू पुष्कळदा वळचणीला खोचलेली राहते, आणि मग ‘यांना दिलेल्याची किंमत नाही’ हा शेरा मारण्यास मोटारवाले मोकळे होतात.

(शालीपुरते बोलायचे तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाने तिचे जे केले आहे तेही काही कमी नाही. सत्काराची शाल ही पांघरण्याची वस्तू न राहता खांद्यावर क्षणभर टाकून घडी घालून ठेवण्याची वस्तू झाली आहे. समाजवाद्यांच्या सभाही याला अपवाद नाहीत.)

विणलेल्या भेटीचे सर्वांत गाजलेले भारतीय उदाहरण १९४७ सालचे आहे. इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहानिमित्त गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचा विणलेला एक लहानसा रुमाल माउंटबॅटन यांच्या हाती पाठविला. सूत कोणी कातले हे जगाला माहीत आहे. विणले कोणी? गांधीजींनी सोबतच्या पत्रात तिचा उल्लेख केला, ही त्यांची दृष्टी. पण तो उल्लेख एक पंजाबी मुलगी एवढाच आहे. राजवाड्यापर्यंत वस्तू पोचली, नाव पोचले नाही. तरीही या प्रसंगाचा दाखला देऊन हस्तनिर्मित भेटीचे माहात्म्य सांगणारे गांधीजींचा दुसरा, अधिक अवघड धडा गिळून टाकतात. १९३५ साली त्यांनी चरखा संघापुढे प्रश्न ठेवला, की कातणारीला पोटापुरते मिळत नसेल तर खादी पवित्र कशी? तासाला एक आणा, आठ तासांना आठ आणे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. तेवढे देणे संघाला झेपले नाही, तथापि मजुरी वाढली आणि तिच्याबरोबर खादीचा भावही वाढला. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती संघातील व्यवहारी माणसांनी बोलून दाखविली. गांधीजी बधले नाहीत. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी तर दिवसभर कातून त्या मजुरीत जगून पाहण्याचा प्रयोग स्वतःच्या देहावर केला. मायेने कातलेले सूतही मजुरीच्या तराजूत घालावे लागते, हे ज्यांनी आचरून दाखविले त्यांच्याच नावाने आज बिनमजुरीच्या मायेचे गोडवे गाइले जातात.

दुसरे उदाहरण पुष्कळ घरांच्या आठवणीतले आहे. १९६२ च्या हिवाळ्यात, चीनने आक्रमण केल्यावर, देशभर स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि हातमोजे विणले. महाराष्ट्रातही लोकलच्या डब्यांत, शाळांच्या मधल्या सुट्टीत सुया चालत होत्या. ते विणकाम खोटे नव्हते. उंच पहाडावर सुती गणवेशात उभे केलेल्या जवानांना खरोखरच गरम कपडे हवे होते. पण त्या वेळी लोकांनी सुयांबरोबर जीभही चालविली. जवानांना असे वर पाठविले कोणी, हा प्रश्न संसदेत आणि चौकाचौकात विचारला गेला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले, आणि महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना, यशवंतराव चव्हाणांना, त्यांच्या जागी दिल्लीला जावे लागले. स्वेटरही गेला आणि जाबही विचारला गेला. शहापूर-मुरबाडच्या वाटपात फक्त स्वेटर जातो.

जाब विचारण्यासारखे तेथे काही नाही असे कोणी म्हणू नये. शासनाच्या आश्रमशाळा या दोन्ही तालुक्यांत आहेत. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय खुद्द शहापुरात आहे. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांना द्यावयाच्या अनेक वस्तूंऐवजी त्यांची रक्कम बँकेच्या खात्यात भरावी, असे आदिवासी विकास विभागाने २०१७ साली ठरविले. त्या वस्तूंच्या यादीत साबण, तेल, गणवेश यांच्याबरोबर लोकरीचा स्वेटरही होता. याचा अर्थ असा, की आश्रमशाळेतल्या मुलाचा स्वेटर ही कोणाची कृपा नव्हे, ते सरकारचे मुलाला असलेले देणे आहे. ते थंडीआधी पोचले की थंडी सरल्यावर, खात्यातून बाहेर काढायला बापाची किती दिवसांची मजुरी बुडाली, आलेल्या पैशात अंगभर स्वेटर येतो की नाही, हे प्रश्न त्या कार्यालयाच्या पायरीवर विचारायचे असतात. त्याच शाळेच्या पटांगणात विणलेल्या स्वेटरांचे वाटप झाले, की ते प्रश्न गैरवाजवी वाटू लागतात. थंडी तर भागली, आता तक्रार कशाची? देणेकऱ्याची सुटका होते आणि धनको हात जोडून उभा राहतो, तोही तिऱ्हाइतापुढे.

मुंबईकडून येथे भेट येते ती कोणत्या दिशेच्या व्यवहाराच्या बदल्यात, हेही पाहण्यासारखे आहे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. पुढे वैतरणेवर मोडकसागर झाले, मग भातसा. मुंबईच्या पाण्यात सर्वांत मोठा वाटा आज एकट्या भातसाचा आहे. ही सर्व धरणे शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुरबाडकडच्या बारवीचे पाणी कारखान्यांना आणि शहरांना जाते. शंभराहून अधिक वर्षे रात्रंदिवस चालू असलेल्या या देण्याला कोणी भेट म्हटलेले नाही, त्याचे छायाचित्र कोणी काढलेले नाही आणि आभाराचे भाषण करण्यासाठी कोणाला ओळीत बसविलेले नाही. मोसच्या भाषेत बोलायचे तर परतफेड मुंबईकडे थकली आहे. ती हातमोज्यांनी फिटते असे मानणारा जमाखर्च कोणत्या शाळेत शिकवितात?

अलीकडे याच मायेला धंद्याचे रूप देण्याची टूम निघाली आहे. आदिवासी स्त्रियांना केवळ देऊ नये, विणायला शिकवावे. त्यांनी केलेल्या वस्तू शहरात भेटी म्हणून विकाव्यात. अशाने त्या स्वावलंबी होतील, असे म्हटले जाते. ऐकायला हे बरे वाटते. पण भारतात हा प्रयोग होऊन त्याचा अभ्यासही होऊन गेला आहे. आंध्रातील पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर येथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात स्त्रियांना क्रोशाच्या सुईवर लेस विणण्यास शिकविले. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली आणि व्यापारी गब्बर झाले. मारिया मीस या विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या हजारो स्त्रियांना सर्व जण, त्यांच्यासह, ‘घरी बसणाऱ्या गृहिणी’ समजत होते. विणकाम हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग मानला गेल्यामुळे मजुरी शेतमजूर स्त्रीहूनही कमी पडे. कारखाना नाही, मालक दिसत नाही, शेजारीण काय दराने विणते ते कळत नाही. मग संघटना कोठून उभी राहणार? घरबसल्या काम करणाऱ्यांच्या हक्कांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार क्रमांक १७७ केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. नगावर मजुरी, दोरा व्यापाऱ्याचा, दर व्यापाऱ्याचा, नापसंत झालेला माल विणणारीच्या माथी, अशा अटींवर शहापूरची कातकरी बाई लोकर विणू लागली तर तिच्या पायाला एका भट्टीऐवजी दोन भट्ट्या बांधल्या जातील. तासाचा दर आधी ठरवा, तो किमान वेतनाखाली नको, आणि विक्रीचा भाव तिला कळलाच पाहिजे, एवढ्या तीन अटी पुढे ठेवताच अशा योजनांचे किती पुरस्कर्ते टिकतात, हे पाहण्याजोगे ठरेल.

‘तुमची क्रांती होईपर्यंत मुलाने कुडकुडत राहायचे काय?’ हा आक्षेप ठरलेला आहे, आणि त्याला उडवून लावणे बरे नव्हे. आज रात्री उघडे पडलेले मूल आज रात्रीच झाकले पाहिजे. त्यासाठी कोणी आपली शाल काढून दिली तर तिचे मोल मोठेच. परंतु पंधरा-वीस वर्षे त्याच पाड्यावर, त्याच महिन्यात, तेच वाटप करावे लागत असेल तर ती आपत्ती उरत नाही, ती व्यवस्था होते. आणि व्यवस्थेला झाकण्याचे काम शाल फार चांगले करते. अधिक खेद याचा, की आपल्यापैकी काही तरुण कार्यकर्ते या वाटपात पुढे होऊन पाड्यांच्या याद्या करून देतात, मोटारींना वाट दाखवितात, गठ्ठे उतरवून घेतात. लोकसंपर्क वाढतो, असे त्यांचे म्हणणे आहे. संपर्क वाढतो हे खरे. तो कोणत्या नात्याने वाढतो याचा विचार त्यांनी करावा. याच जिल्ह्यात टिटवाळ्याला जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली, आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये हा आकडा जमीनदारांपुढे ठेवला. पक्षभेद कोणताही असो, गोदावरी परुळेकरांनी तेथे पांघरुणे वाटली नाहीत. आकडा उच्चारण्याचे बळ दिले. त्या आकड्यापायी गोळीबार झाला. पांघरुणे वाटणाऱ्यांवर गोळीबार झाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

आजचा आकडा भट्टीवर आहे. हजार कच्च्या विटांमागे किती, हा तो आकडा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम पाड्यावर येतो, उचल देतो, अंगठा घेतो. दर त्याच वेळी ठरतो, किंवा ठरविलाच जात नाही. पुढे दर आठवड्याला खर्ची मिळते, ती उचलीत मिळविली जाते, आणि हंगाम संपताना मालकाच्या वहीत पाहून कुटुंबाला सांगण्यात येते, की अजून इतके फिटायचे आहेत. किमान वेतनाहून कमी दराने काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितले. वेठबिगारीला तर १९७६ सालीच कायद्याने बंदी झाली. वही मात्र एकच असते, मालकाची.

मुलुंड-डोंबिवलीच्या ज्या भगिनींना शेकड्यांनी टाके न चुकता मोजण्याची सवय आहे, त्यांची या कामी खरी गरज आहे. कार्यकर्त्यांनी पौषापर्यंत थांबू नये. घटस्थापनेच्या आधीच त्यांना पाड्यांवर आणावे. लोकर-सुया घरी राहू द्याव्यात, सोबत कोऱ्या वह्या असाव्यात, प्रत्येक कुटुंबासाठी एक. घेतलेली उचल, ठरलेला दर, दर शनिवारची खर्ची, थापलेल्या विटा आणि फुटक्या म्हणून वजा केलेल्या विटा यांचे रकाने त्या वहीत आखून द्यावेत, ज्या घरात लिहिणारे मूल आहे तेथे त्याला नोंद करायला शिकवावे, जेथे नाही तेथे दर पंधरवड्याला भट्टीवर जाऊन स्वतः नोंद करावी, आणि ज्येष्ठात माणसे परतण्याच्या आधी त्या वह्या घेऊन मालकाच्या वहीशेजारी बसावे.